परमुलखातील पाहुणचार आणि देवाची देखरेख

(धर्मग्रामाच्या ज्युबिली सोहळ्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी मागे वळून पाहावे, मिळालेले उपकार मोजावेत आणि परमेश्वराचे आभार मानावेत, असा आपला परिपाठ आहे. या धर्मग्रामात किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, देवळाची कौले कोणी बदलली आणि शाळेच्या खोल्या कोणाच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या, हा सर्व हिशेब या पुस्तिकेच्या इतर पानांत आपणांस मिळेल. आम्हांस चार शब्द बोलण्याविषयी सांगण्यात आले तेव्हा आम्ही थोडा निराळा विषय निवडला. परमुलखी निघालेल्या मनुष्यास वाटेत अनोळखी माणसांकडून जी दया मिळते ती, आणि त्या दयेमागे उभी असलेली देवाची देखरेख, हा आमचा आजचा विषय होय.

याचा ज्युबिलीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी मुळातलाच आहे. लेवीय नावाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीचा नियम सांगितला आहे. पन्नासावे वर्ष आले म्हणजे शिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी. आणि याचे कारण काय दिले आहे? जमीन देवाची आहे. तुम्ही तिच्यावर त्याच्या पदरी राहणारे उपरे आणि पाहुणे आहात, हे ते कारण. म्हणजे जो ज्युबिली साजरी करतो तो आपण स्वतः प्रवासी असल्याचे कबूल करतो. २०२५ साली पोपमहाशयांनी सर्व ख्रिस्तसभेसाठी जे पवित्र वर्ष पाळले, त्याचे बोधवाक्यही आशेच्या यात्रेकरूंविषयीच होते.

दुसरे कारण आपल्या घरांत आहे. एके काळी वऱ्हाडातून मुंबईस जाणे हीच मोठी मजल वाटे. आज अमरावती आणि अकोला येथील आपल्या कुटुंबांतून कोणाची मुलगी आखाती देशात परिचारिका आहे, कोणाचा मुलगा जहाजावर आहे, कोणी शिक्षणासाठी युरोपात गेला आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी ही मुले पासपोर्ट घेऊन आशीर्वादासाठी येतात. मुलाच्या डोळ्यांत उत्साह असतो आणि मागे उभ्या असलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी. आणि बहुतेक प्रत्येक आई एकच प्रश्न विचारते : “फादर, तिथे त्याचे कोण आहे?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न साधा नाही. “देव आहे” एवढे सांगून तो मिटत नाही, कारण आईलाही ते ठाऊक असते. तिला विचारावयाचे असते ते हे की, तो आजारी पडला तर त्याच्या कपाळावर हात कोण ठेवील? देवाचा हात तेथे कोणाच्या हाताच्या रूपाने पोहोचेल? या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधावयाचे आहे.

पवित्र शास्त्रात अगदी अशाच एका आईची हकीकत आहे. तोबीत नावाचा धर्मनिष्ठ मनुष्य निनवे नगरीत बंदिवासात राहत होता. तो आंधळा झाला, दारिद्र्य आले, आणि दूर मेदिया देशात ठेवलेल्या पैशाची त्यास आठवण झाली. पैसे आणावयास एकुलता एक मुलगा तोबिया यास धाडणे भाग होते. वाट अनोळखी, मुलगा कोवळा. तेव्हा बापाने सांगितले, वाट माहीत असलेला विश्वासू सोबती शोध. तोबियास एक तरुण भेटला. बापाने त्यास तू कोणाचा, कोणत्या कुळीचा, हे सर्व विचारून घेतले, आणि त्याची रोजची मजुरीही ठरविली. आई हन्ना मात्र रडत राहिली. पुढे प्रवास सुखरूप झाला, पैसे मिळाले, मुलाचा विवाह झाला, बापास दृष्टी आली. आणि मग तो सोबती म्हणाला की, मी देवासमोर उभा राहणारा राफाएल दूत आहे.

या कथेतील दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली ही की, संपूर्ण प्रवासभर त्या कुटुंबास आपल्यासोबत देवदूत आहे हे कळले नाही. त्यांस एक अनोळखी मजूर दिसला. देवाची देखरेख ही बहुधा अशीच साध्या कपड्यांत येते, आणि प्रवास संपल्यावर ओळखू येते. दुसरी गोष्ट ही की, बापाने विश्वास ठेवला तरी चौकशी सोडली नाही. श्रद्धा आणि सावधपणा यांचे वैर नाही. आज परदेशी नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळणारे दलाल पुष्कळ आहेत. म्हणून सरकारदरबारी नोंद असलेल्या भरती-प्रतिनिधीकडूनच जावे, करारपत्र वाचून घ्यावे, आपल्या वकिलातीचा पत्ता जवळ ठेवावा. तोबीताने देवदूताचीसुद्धा चौकशी केली, मग आपण दलालाची का करू नये?

आता प्रेषितांच्या कृत्यांकडे वळू. संत पौल कैदी म्हणून रोमकडे नेला जात होता. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती. वादळाने जहाज फुटले; कोणी पोहत, कोणी फळीच्या आधाराने, सर्वजण एका बेटाच्या किनाऱ्यास लागले. ते बेट माल्टा. पाऊस पडत होता, थंडी होती. तेथील लोकांची भाषा निराळी, धर्म निराळा. शुभवर्तमान त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांनी काय केले? शेकोटी पेटविली आणि भिजलेल्या त्या सर्वांस जवळ बोलाविले. त्या बेटाचा मुख्य पुब्लिय याने त्यांस तीन दिवस घरी ठेवून घेतले. तीन महिन्यांनी ते निघाले तेव्हा लागेल ते सर्व सामान त्या लोकांनी जहाजात भरून दिले. संत लूक त्या असामान्य दयेचा मोठ्या कृतज्ञतेने उल्लेख करतो. पौल हा ख्रिस्ताचा प्रेषित. त्याचे रक्षण करण्यासाठी देवाने ज्या हातांचा उपयोग केला, त्या हातांचा बाप्तिस्म्याचा दाखला देवाने पाहिला नाही.

ही झाली शास्त्रातील उदाहरणे. आता आपल्या महाराष्ट्रातील एका स्त्रीची हकीकत ऐका.

आनंदीबाई जोशी हे नाव आपल्या मुलींनी शाळेत वाचले असेल. त्यांचा जन्म १८६५ सालचा. वयाच्या नवव्या वर्षी विवाह झाला. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. पुरेसे औषधपाणी असते तर मूल वाचले असते, या दुःखातून त्या मुलीने वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस होते. अमेरिकेत शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी तेथील मिशनरी मंडळींकडे पत्र लिहिले. उत्तर आले ते असे की, ख्रिस्ती व्हाल तर मदतीचे पाहू. पत्र आणि उत्तर दोन्ही अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आले.

पुढे जे घडले त्यास कोणी योगायोग म्हणोत. आम्ही त्यास देखरेख म्हणतो. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी समोरचे मासिक उचलले, आणि त्यांच्या नजरेस हे पत्र पडले. ज्या देशाचे त्यांनी तोंड पाहिले नव्हते, तेथील पंधरा वर्षांच्या एका मुलीस त्यांनी पत्र लिहिले. सुमारे तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी जाहीर सांगितले की, मी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे ऐकून मावशीने दार लावून घेतले नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा कार्पेंटर बाई त्यांस घ्यावयास हजर होत्या. त्यांनी त्यांस आपल्या घरी नेले, मुलीसारखे ठेवले. मग फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून आपण ख्रिस्ती लोकांनी विचार केला पाहिजे. एका मुलीचे एकच पत्र दोन ख्रिस्ती मनांपुढे आले. एकाने दयेला अट घातली. दुसऱ्याने अट न घालता हात पुढे केला. ख्रिस्ताची ओळख त्या मुलीस यांपैकी कोणाकडून अधिक झाली असेल? अटीवर दिलेले दान हा व्यापार होतो. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांस बरे केले. त्यांतला एकच आभार मानण्यास परत आला, आणि तो शोमरोनी होता. राहिलेल्या नऊ जणांचे आरोग्य प्रभूने काही काढून घेतले नाही.

आता उलट बाजू पाहू. ख्रिस्ती बाईने हिंदू मुलीस घर दिले. पुढे साठ वर्षांनी ख्रिस्ती निर्वासितांस या महाराष्ट्रात घर मिळाले. आणि ते निर्वासित आपलेच, कॅथॉलिक होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, पोलंड देश पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने गिळला. पूर्व पोलंडमधील हजारो कुटुंबे १९४० आणि १९४१ साली मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तान येथे नेण्यात आली. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी कित्येक तेथेच मेली. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटला तेव्हा या बंदिवानांची सुटका झाली, आणि १९४२ साली हाडांचे सापळे झालेली बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. त्यांस ठेवावयाचे कोठे? नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारली आणि त्या पोरक्या मुलांस सांगितले की, आजपासून मी तुमचा बाप. पुढे १९४३ साली आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी वसाहत झाली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. शाळा झाल्या, दवाखाना झाला, देऊळ झाले. पंचगंगेच्या मुलखात पोलिश भाषेत रोजरी म्हटली जाऊ लागली. १९४८ पर्यंत ही वसाहत टिकली. मग ही माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जगभर पांगली. परंतु कोल्हापूर ती विसरली नाहीत. म्हातारपणी त्यांतील कित्येक जण ते गाव पाहावयास परत आले. कोल्हापुरात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, २०१७ पासून वळिवड्याचे स्मारक आहे.

ते दिवस आपल्या देशात सुकाळाचे होते काय? मुळीच नाही. ज्या १९४३ साली ही वसाहत झाली, त्याच साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. देश परक्यांच्या राज्याखाली होता, धान्याची टंचाई होती. तरी या मातीने परक्यांस जागा दिली. आपल्यापाशी पुष्कळ झाले म्हणजे पाहुण्यास देऊ, असे म्हणणाऱ्याचे पुष्कळ कधीच होत नाही. सारफथच्या विधवेने एलिया संदेष्ट्यास भाकर दिली ती तिच्या शेवटच्या मूठभर पिठाची होती.

आता दूर कशाला जा, आपल्या वऱ्हाडात या. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली डेबूजी नावाचा मुलगा जन्मला. त्याचे बालपण मूर्तिजापूरजवळ दापुरे या आजोळी गुरे राखण्यात गेले. १९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे, अशा वेषात गावोगाव फिरणाऱ्या त्या मनुष्यास लोक गाडगे महाराज म्हणू लागले. स्वतः कोठेही घर नसलेल्या या प्रवाशाने इतर प्रवाशांसाठी काय केले? नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी, जेथे गरीब यात्रेकरू उघड्यावर पावसात भिजत, तेथे धर्मशाळा बांधविल्या. त्यांच्या नावाच्या मुंबईतील धर्मशाळेत दूरगावाहून उपचारासाठी आलेले कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे आप्त उतरतात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, प्रवासातच, त्यांचा देह पडला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. महाराजांचा धर्म आपल्याहून निराळा होता हे खरे. परंतु आपल्यापैकी कोणी वऱ्हाडी ख्रिस्ती आजारी माणसास घेऊन मुंबईस जाईल आणि त्या धर्मशाळेत त्यास पाठ टेकावयास जागा मिळेल, तर त्याने देवाच्या देखरेखीचे आभार मानताना या वऱ्हाडी माणसाचे नाव का घेऊ नये?

आपल्या श्रद्धेचा इतिहाससुद्धा पाहुणचाराचाच इतिहास आहे. १८३८ साली फ्रान्सच्या सीमेवरील सावोय प्रांतात, आनसी नगरीत, फादर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्या संघाचे पहिले धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानास यावयास निघाले. १८६७ साली अकोला आणि बडनेरा यांवरून नागपूरपर्यंत आगगाडी गेली. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला, आणि १९५५ साली त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. या सालांच्या मागे माणसे आहेत. बर्फाच्या डोंगरांत वाढलेला एक तरुण धर्मगुरू वऱ्हाडच्या मे महिन्यात उतरतो, त्यास ना भाषा येत ना अन्न पचत. अशा वेळी त्यास माठातले पाणी कोणी दिले असेल? ‘भाकर’, ‘चूल’, ‘माय’ हे शब्द त्याच्या तोंडी कोणी बसविले असतील? कोणत्या तरी ओसरीवरून कोणी तरी म्हणाले असेल, “बसा जी, पानी घ्या.” त्या माणसाचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. तथापि आपण आज जी ज्युबिली साजरी करतो तिच्या पायात त्या अनामिकाचा एक तांब्या पाणी आहे. आणि थंड पाण्याचा एक प्यालासुद्धा प्रतिफळावाचून राहणार नाही, असे प्रभूने स्वतः सांगून ठेवले आहे.

येथवर आम्ही गोड गोष्टी सांगितल्या. परंतु जी आई ऐकत आहे ती मनात म्हणत असेल की, सर्वांसच कार्पेंटर मावशी भेटते काय? हा प्रश्न टाळणे बरे नव्हे. सैबेरियाहून निघालेल्या सर्वच मुलांनी कोल्हापूर पाहिले नाही. कित्येकांस वाटेतच मूठमाती मिळाली. आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या, पण क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या ओळखीतही परमुलखातून शवपेटी परत आलेली घरे आहेत. त्यांच्यावर देवाची देखरेख नव्हती काय?

बंधुभगिनींनो, देवाची देखरेख म्हणजे उतरविलेला विमा नव्हे, की हप्ता भरला म्हणजे संकट येणार नाही. तसे वचन देवाने कोणास दिलेले नाही, स्वतःच्या पुत्रासही नाही. पवित्र कुटुंब रात्रीतून मिसर देशात पळून गेले तेव्हा ते निर्वासितच होते. तेथे कोणी तरी अनोळखी शेजाऱ्याने त्यांस आसरा दिला असेल, त्याचे नाव शुभवर्तमानात नाही. पुढे प्रभूने शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले, दुसऱ्याच्या होडीत बसून उपदेश केला, दुसऱ्याच्या माडीवर शेवटचे भोजन केले. आणि कालवारीच्या वाटेवर शक्ती सरली तेव्हा त्याचा क्रूस कोणी उचलला? शिष्य पळून गेले होते. शेतावरून येणारा, आफ्रिकेतील कुरेने गावचा शिमोन नावाचा एक परका मनुष्य शिपायांनी धरून आणला आणि त्याच्या खांद्यावर क्रूस ठेवला. शिमोनाने प्रभूचे मरण चुकविले नाही, ते त्याच्या हाती नव्हते. त्याने काही पावले त्याचे ओझे वाहिले. स्वर्गातील पित्याने आपल्या पुत्रासाठी त्या दिवशी देवदूतांची फौज पाठविली नाही. एक अनोळखी वाटसरू पाठविला.

देखरेखीचा हा अर्थ आहे. क्रूस येणार नाही असे नाही. क्रूसाच्या वाटेवर कोणी तरी खांदा देईल. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांची रक्षा सातासमुद्रापलीकडे कार्पेंटर मावशीकडे पाठविण्यात आली, आणि त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या स्वतःच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. मरणसुद्धा ते नाते तोडू शकले नाही. दातांच्या डॉक्टरकडे मासिक उचलणाऱ्या एका परक्या बाईच्या कुळात एका मराठी मुलीस शेवटची जागा मिळाली. यास देखरेख म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर देतो. “तिथे त्याचे कोण आहे?” बाई, तिथे त्याचे कोण असेल हे तेथील एखाद्या अनोळखी मनुष्याच्या मनावर अवलंबून आहे, आणि त्या मनास जागविणारा पवित्र आत्मा आहे. परंतु त्याच वेळी दुसरी एक आई, ओडिशातील, झारखंडातील किंवा आपल्याच मेळघाटातील, आपल्या मुलास पाठवून हाच प्रश्न विचारीत आहे. आणि तिचा मुलगा बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या स्टेशनावर उतरला आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर तू आहेस, आणि आम्ही आहोत.

२०२० सालचा उन्हाळा आठवा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, गाड्या थांबल्या. मुंबईकडून नागपूर, छत्तीसगड, ओडिशा, बंगाल यांकडे पायी निघालेले मजूर आपल्या अकोला-अमरावतीच्या महामार्गावरून चालत गेले. कडेवर मूल, डोक्यावर बोचके, पायांत फोड. रोगाच्या भीतीने लोक सख्ख्या नातेवाइकांसही दारात घेत नव्हते, आणि तरीसुद्धा वाटेवर गावोगाव कोणी पाण्याचे माठ ठेवले, कोणी भाकरी आणि पिठले वाटले, कोणी चपला दिल्या. देणारे कोणत्या धर्माचे होते हे त्या वाटसरूंनी विचारले नाही, आणि घेणारे कोणत्या जातीचे हे देणाऱ्यांनी विचारले नाही. यरुशलेम ते यरीहोची ती प्रसिद्ध वाट त्या वर्षी वऱ्हाडातून गेली. प्रश्न एवढाच की, ती वाट आता बंद झाली काय? मेळघाटातील कोरकू कुटुंबे पोटासाठी दरवर्षी गाव सोडतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर परगावची माणसे येऊन राहतात. त्यांची मुले शाळेबाहेर असतात, आजारपणात त्यांस औषधाचे दुकानही ठाऊक नसते.

म्हणून या ज्युबिलीची आठवण राहावी यासाठी आम्ही तीन साध्या गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. त्यांस मोठा निधी लागत नाही.

पहिली : आपल्या धर्मग्रामातून जो कोणी परदेशी किंवा परप्रांती जाईल, त्याचे नाव एका वहीत लिहावे आणि महिन्यातून एका रविवारी त्या सर्वांसाठी मिस्सा अर्पण करावी. तो जेथे जाईल तेथील जवळच्या देवळाचा पत्ता त्यास निघण्यापूर्वीच मिळवून द्यावा. जहाजावर जाणाऱ्या मुलांस सांगावे की, १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेली, खलाशांची काळजी घेणारी कॅथॉलिक संस्था आज स्टेला मारिस या नावाने जगातील पुष्कळ बंदरांत आहे. तिचे दार ठोठवावे.

दुसरी : रविवारी देवळात कोणी नवखा चेहरा दिसला तर मिस्सा संपताच त्याच्याशी कोणी तरी बोललेच पाहिजे. १९१४ सालापासून ख्रिस्तसभा स्थलांतरितांसाठी दरवर्षी एक दिवस पाळीत आली आहे. वर्षाचा एक दिवस प्रार्थनेत आणि उरलेले रविवार नवख्याकडे पाठ फिरवून, असे आपल्याकडून न होवो. त्याचे नाव विचारावे, घर विचारावे, चहास बोलवावे. भाषा येत नसेल तर पाण्याचा तांब्या पुढे करावा. तो सर्व भाषांत कळतो.

तिसरी : ज्या घरातील मूल परदेशी आहे, त्या घराने येथील एका परक्या मुलाची काळजी आपली मानावी. वसतिगृहातील एखादा मेळघाटचा विद्यार्थी, भट्टीवरच्या मजुराचे एखादे आजारी लेकरू, दवाखान्यात सोबतीवाचून पडलेला एखादा रोगी. अट एकच, की अट घालावयाची नाही. त्याने आपल्या देवळात यावे म्हणून हे करावयाचे नाही. तो परका आहे आणि त्याच्या रूपाने प्रभू आपल्या दारी उभा आहे, एवढे कारण पुरे आहे. शेवटच्या दिवशी प्रभू आपणांस जे विचारणार आहे त्यात परक्यास घरात घेतले की नाही, हा प्रश्न आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

आपण येथे ज्या मुलाच्या हाती भाकर देऊ, तिचे फळ आपल्या मुलास कुवेतमध्ये किंवा लंडनमध्ये मिळेल, असा हिशेब आम्ही मांडीत नाही. देव वाणी नाही. पण एवढे आम्ही जाणतो की, जगात परक्याची विचारपूस करणारी घरे जितकी वाढतील, तितक्या आयांस रात्री झोप लागेल. आणि त्यांतले एक घर वाढविणे आपल्या हाती आहे.

परमेश्वर आपल्या सर्व प्रवाशांचे रक्षण करो. संत राफाएल त्यांच्या सोबत चालो. पवित्र मरिया, जी स्वतः तान्हे मूल घेऊन मिसरच्या वाटेने गेली, ती आपल्या आयांचे अश्रू पुसो. आणि या धर्मग्रामाचे दार, पुढच्या ज्युबिलीपर्यंत आणि तिच्या पुढेही, परक्यासाठी उघडे राहो.

आमेन.